नववी पायरी

"पाय आणि डोकं एकदमच चाललं पाहिजे," व्यायामाच्या बाईंचा आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. "एक पायरी, वर्गातला एक माणूस. स्वतःला धरायचं नाही, बाकी कुणाला गाळायचं नाही. राहिलं तर राहिलं, मागे फिरायचं नाही."

ज्येष्ठांच्या त्या वर्गात बारा जण होते. एका सोमवारी वर्गाचा जिना चढताना तिच्याकडून पोस्टमास्तर राहून गेले. गुरुवारी त्यांची खुर्ची रिकामी. झोपेतच गेले म्हणे. महिन्याभराने शिंपीणकाकू राहिल्या. त्याही तशाच, तीन दिवसांत.

उरले दहा. स्वतःला सोडून नऊ. घरचा जिनाही नऊ पायऱ्यांचा. तेव्हापासून तिने एक दिवस नेम मोडला नाही. शेवटच्या पायरीवर "आमचे हे".

हे सगळं तिने फक्त नवऱ्यालाच सांगितलं होतं. तो घड्याळजी, तिच्याच वर्गातला. पडल्यापासून अंथरुणाला खिळलेला. कूस बदलतानाही जीव कळवळायचा.

"मग मला गाळ की," तो म्हणाला.

"जिभेला काही हाड?"

"चेष्टा नाही गं. सुटेन तरी."

ती भांडली, रडली, दोन दिवस अबोला धरला. शेवटी म्हणाली, "सूनबाईची सुखरूप सुटका होऊ दे. मग."

"वचन?"

"वचन."

"मीही तुला एकटीला मागे ठेवायचो नाही," तो हसला. लग्नापासूनचं त्याचं हे पालुपद. फिरायला निघाले, की पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबून राहायचा.

बाईंनी त्यालाही निजल्या निजल्या करायचा व्यायाम दिला होता. एक बोट मिटायचं, वर्गातला एक माणूस आठवायचा; नियम तेच. रोज तिचा जिना झाला, की तो सुरू करायचा. पहिलं बोट ठरलेलं: "आमची ही." ती वरून म्हणायची, "पुरे लाडीगोडी, पुढचं घ्या."

काल संध्याकाळी मुलाचा निरोप आला. मुलगी झाली, दोघी खुशाल.

सकाळी तिने हात जोडले आणि कठड्याला धरून चढू लागली. दातांचे डॉक्टर. ग्रंथपालबाई. बेकरीवाले... आठव्या पायरीपर्यंत आवाज खणखणीत होता. खालच्या खोलीचं दार उघडं होतं. तो ऐकत होता.

नवव्या पायरीवर तिने पाऊल ठेवलं. ओठ घट्ट मिटले. मग पदर तोंडावर धरून, स्वतःलाही ऐकू जाणार नाही असं पुटपुटली, "आमचे हे."

"झालं?" खालून आवाज आला.

"झालं," ती खोटं बोलली.

"शब्दाची पक्की आहेस हो." त्याने हात पांघरुणाबाहेर काढला. "थांब, आता माझी पाळी."

ती वरच्या पायरीवर टेकली, डोळे पुसून ऐकू लागली.

त्याने पहिलं बोट मिटलं.

"दातांचे डॉक्टर."