दुधीभोपळ्याचा पिंग

शुभंकर पैज जिंकला तर त्याचा फायदा असा होता: रणगाड्यांचा गेम फोनवर राहणार, आणि रावसाहेब, म्हणजे त्याचे वडील, त्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. हरला तर गेम कायमचा काढून टाकायचा. रावसाहेबांचा फायदा तेवढाच, फक्त उलट्या बाजूने. मालनबाईंना, म्हणजे आईला, या सौद्यात काहीच मिळणार नव्हतं. त्या दर रविवारी पहाटे वाघोलीहून मंडईला जात होत्या. पुढे भाव करणारे रावसाहेब आणि मागे दोन्ही पिशव्या घेतलेल्या त्या. कुणीही जिंकलं तरी हे असंच चालणार होतं. रावसाहेबांच्या कमरेला पिशवी सोसत नसे. शुभंकरला रविवारची पहाट सोसत नसे.

पैज रावसाहेबांनीच लावली होती. "एवढे रणगाडे उडवतोस रोज. तुला उडवणारा कुणी भेटला की नाही?"

"आहे एक. दुधीभोपळा असं नाव घेतलंय त्याने. महिनाभर छळतोय. मला उडवलं की खाली लिहितो, 'झालं समाधान?'"

रावसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मग रविवारी त्यालाच हरवून दाखव."

शुभंकरने दुधीभोपळ्याला गेममधूनच निरोप धाडला. 'अकरा वाजता. वेळेवर ये,' असं उत्तर आलं.

रविवारी सकाळी मालनबाई मंडईच्या भाजीची निवडानिवड करत बसल्या होत्या. शुभंकर घरात जमावबंदी लागू करत फिरत होता. टीव्ही बंद. बातम्यांचे व्हिडिओ बंद.

"आपला नेटचा प्लॅन तीनशे एमबीपीएसचा आहे ना?" रावसाहेबांनी विचारलं. "मग एवढी काटकसर कशाला?"

"बाबा, तो आकडा नुसती रुंदी सांगतो. नगर रोड कितीही रुंद केला तरी खराडीला कधी पोचणार हे सिग्नल ठरवतात. गेममध्ये पिंग बघायचा. मी गोळी झाडल्याची खबर सर्व्हरला जाऊन उत्तर परत यायला लागतो तो वेळ. तो कमी हवा. आणि मुख्य म्हणजे एकसारखा हवा."

"म्हणजे पाण्याच्या टँकरसारखं," मालनबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "रोज उशिरा आला तरी चालतं. आज सातला, उद्या बाराला, मग कपड्यांचं मशीन लावायचं कधी?"

"आई, तू आयटीत हवी होतीस."

"मग मंडई कुणी केली असती?"

शुभंकरने ते ऐकलं नाही. "आणि मायक्रोवेव्ह अजिबात लावू नकोस. आपला राउटर जुना आहे. मायक्रोवेव्ह सुरू झाला की घरातलं सगळं वायफाय अडखळतं."

"सगळं?"

"सगळं."

"बरं," मालनबाई म्हणाल्या आणि पिशवीतून दुधी काढून बाजूला ठेवला. तो घरात फक्त रावसाहेबांना आवडे.

"मी आत पेपर वाचत पडतो," रावसाहेब म्हणाले. "उगाच माझा धक्का लागायला नको तुझ्या पिंगला." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सामना अटीतटीचा झाला. दोन डाव शुभंकरचे, दोन दुधीभोपळ्याचे. शेवटच्या डावात दोन्ही रणगाडे एकाच भिंतीच्या दोन टोकांना टेकले. ज्याची गोळी आधी पोचेल तो जिंकणार. पडद्याच्या कोपऱ्यात दोघांच्या नावापुढे दोघांचे पिंग दिसत होते. दोन्ही तिसाच्या आसपास. शुभंकरने नेम धरला.

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह घुमायला लागला.

"आई!"

"चहा गार झालाय रे माझा."

पिंग तिसावरून चारशेवर गेला. रणगाडा जागच्या जागी थिजला. शुभंकरने डोळे मिटले आणि गोळीची वाट पाहिली. गोळी आली नाही. डोळे उघडले तर समोरचा रणगाडाही भिंतीला नाक लावून उभा होता. दुधीभोपळ्याचा पिंगही चारशे.

मायक्रोवेव्ह थांबला. दोन्ही आकडे खाली आले. मायक्रोवेव्ह पुन्हा सुरू झाला. दोन्ही आकडे पुन्हा वर. तेवढ्यात वेळ संपली आणि पडद्यावर 'बरोबरी' अशी अक्षरं आली. शुभंकर मात्र त्या आकड्यांकडेच पाहत होता. दुधीभोपळा सोलापुरात असता, नागपुरात असता, तर वाघोलीतल्या मायक्रोवेव्हला त्याचा पिंग कशाला घाबरला असता?

तो उठला आणि त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं. रावसाहेबांच्या तोंडासमोर पेपर होता. पेपर उलटा होता. पेपरामागे फोन होता.

"बाबा, तुम्ही?"

"दार वाजवून यायची पद्धत आहे."

"स्वतःच्याच पैजेत स्वतःच?"

"तू दिवसभर काय करतोस ते बघायला गेम घेतला होता," रावसाहेबांनी पेपराची नीट घडी घातली. "मग बघतच राहिलो. मघाशी दोनदा तोफेसमोर आलास. सोडलं तुला."

"सोडलं? लॅग होता, रणगाडाच थिजला होता तुमचा."

"तसं म्हण. तू गेम काढून टाकलास तर मी खेळू कुणाशी?"

शुभंकरला हसू आलं. आणि मग ते दोघांनाही आवरेना.

मालनबाई कप घेऊन दारात उभ्या होत्या. "कोण जिंकलं?"

"बरोबरी," दोघं एकदम म्हणाले.

"छान. पिशव्याही दोन आहेत," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारपासून एक तुझी, एक ह्यांची. जमत नसेल तर सांगा. चहा काय, मी दिवसातून कितीदाही गरम करते."

"अगं, पण माझी कंबर..."

"महिनाभर रणगाड्यात बसून दुखली नाही ती?"

हिशेब तिथेच मिटला. शुभंकरने भरपाईत रविवारची झोप दिली, रावसाहेबांनी कमरेची सबब दिली, आणि मालनबाईंनी बेसिनमध्ये रिकाम्या केलेल्या त्या कपात चहा नव्हताच, नुसतं पाणी होतं.