ड्रमरची लेक

“तिच्या मागे एकदा ताट वाजवून बघ गं, पोर वळत नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले. “आई, ड्रमरची लेक आहे. आवाजाला सरावलीय!”

काल संध्याकाळी मैदानावर नवऱ्याचा बँड वाजत होता. आठ महिन्यांची रेवा मांडीवर बसून माझ्या ओढणीचा गोंडा चघळत होती. अचानक मंचाजवळचा स्पीकर धाडकन फुटला. आसपासच्या बाळांनी भोकाड पसरलं.

रेवा दचकली नाही. मी दचकले, म्हणून ती माझ्याकडे बघून हसली.

माझे ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडावर ओढणी धरून तिला हाक मारली. मग ओरडले. ती गोंडा चघळत राहिली.

उद्या डॉक्टरांकडे जातोय. तुमचंही बाळ असंच शांत, गुणी असेल, तर आजच त्याच्या पाठीमागे ताट वाजवून बघा.