शाईच्या टेबलावरचं बोट

मतदान केंद्रात शाई लावायला बसलं, की दिवसभर माणसं दिसत नाहीत, नुसती बोटं दिसतात. शाई लावणाऱ्या बाईंची ही तिसरी निवडणूक ड्युटी, त्यामुळे हात यंत्रासारखा चालत होता.

नऊच्या सुमाराला एक बोट आलं. नख मधोमध चिरलेलं, पेरावर भाजल्याचा डाग. बाईंना कळवळा आला, म्हणून त्यांनी वर पाहिलं. एक तरुण शिंपी होता. त्यांनी हलक्या हाताने शाईची रेघ ओढली.

अकराला तेच बोट पुन्हा पुढे आलं. तीच चीर, तोच डाग, शाईचा मात्र ठिपकाही नाही. बाईंनी झटकन मान वर केली. समोर काठी टेकलेल्या आजी होत्या.

दुपारी ते एका पोस्टमनच्या हाताला होतं. बाई शेजारच्या केंद्राध्यक्षांकडे वळल्या.

"साहेब, यांचं नाव जरा नीट बघता का?"

"फोटो, सही, सगळं जुळतंय, बाई. डोळे थकलेत तुमचे. पाणी प्या."

सहाला पाच मिनिटं उरली. रांग संपली होती.

"अख्ख्या गावाला शाई लावलीत, आणि स्वतः कोऱ्याच!" साहेब हसत बाटली घेऊन आले. "द्या बोट."

बाईंनी हात पुढे केला.

साहेब हळहळले. "अहो, नख पार चिरलंय की! कधी लागलं हे?"