तोतयाचा होकार

"आमच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या टेस्ट पास आहेत. काकांनी बटणच दाबलं नसेल," असं कंपनीने नलिनीताईंना कळवून टाकलं होतं. त्यांचे वडील संगमनेरला एकटे राहायचे. न्हाणीघरात पडून ते गेले तेव्हा, बटण दाबताच लेकीला निरोप धाडणारा कंपनीचा पट्टा मनगटावर होता, पण नलिनीताईंच्या फोनवर निरोप आलाच नाही.

कंपनीत नव्याने आलेल्या शर्वाणीला हे पटेना. ती टेस्ट उघडून बसली. तिथे खऱ्या मेसेजसेवेच्या जागी एक मॉक, म्हणजे तोतया बसवलेला होता. त्याला कुठलाही नंबर द्या, तो म्हणे, "पोचला." नलिनीताईंचा नंबर सुरुवातीला शून्य लावून भरलेला होता आणि खरी सेवा असे नंबर नाकारत होती. शर्वाणीने तोतयालाही तसंच नाकारायला शिकवलं. पास दाखवणारी हिरवी टेस्ट लाल, म्हणजे नापास झाली. मग तिने सर्व्हर तपासला; काकांच्या पट्ट्यातून आलेला निरोप तिथे तसाच पडून होता.

तिने स्वतः नलिनीताईंना फोन लावला. "ताई, चूक आमची आहे. काकांनी बटण दाबलं होतं. निरोप आमच्याकडेच अडकला."



"मी रागावले होते हो त्यांच्यावर," नलिनीताई म्हणाल्या. "वाटलं, शेवटीसुद्धा लेकीला त्रास नको म्हणून गप्प राहिले." मग त्यांना रडू फुटलं. "म्हणजे बाबांनी मला हाक मारली होती!"

पलीकडचं रडणं ओसरेपर्यंत शर्वाणीने फोन कानाला तसाच धरून ठेवला.