नाक्यापलीकडचा पाहुणा

आकाराम जेवायला बसला की चिमणाबाई पदर पार कपाळाखाली ओढायची, हे पिराजीच्या दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं.

राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर अडणाऱ्या गुळाच्या गाड्यांवरून अलीकडचे आणि पलीकडचे व्यापारी सारखे हमरीतुमरीवर यायचे. म्हणून अठ्ठ्याहत्तर साली सरकारनं कोल्हापुरात तीन दिवसांची सलोखा बैठक बोलावली. पलीकडच्या सभासदांना लॉजवर नाही, इथल्या सभासदांच्या घरीच उतरवायचं, ही बैठक घेणाऱ्या सरकारी साहेबांची हौस. पलीकडून आलेल्या आकारामनं म्हणे आपणहून पिराजीचं घर मागून घेतलं होतं.

पिराजीला आधी बरंच वाटलं. तान्हेपणी दत्तक आल्यापासून तो गुळाच्या पेढीवरच वाढलेला, बाजारात त्याच्या शब्दाला वजन होतं. पाहुण्यानं घर मागितलं तर त्यात नवल काय? मग त्याला आठवलं, आकारामचं गाव तेच चिमणाबाईचं माहेर.

झालं. डोक्यात किडा शिरला. हमालांनाही तोंडावर खडसावणारी ही बाई या एका पाहुण्याशी दाराआडून बोलत होती. वाढताना नजर वर करत नव्हती. आणि तो पन्नाशीचा रुंद खांद्यांचा गडी घास हातात धरून टक लावून बसायचा. पिराजीनं बघितलं की चटकन मान खाली घालायचा.

पिराजीचा जळफळाट झाला. लग्नाला अठरा वर्षं झाली, आपल्यापुढं ही कधी अशी लाजली नव्हती.

तिसऱ्या दिवशी करारावर सह्या व्हायच्या होत्या. पिराजीनं सकाळीच साहेबांना गाठलं. या माणसाची नजर बरी नाही, बैठकीत एक तर तो राहील नाहीतर मी, असं भरल्या सभेत ठणकावून सांगितलं. साहेब समजूत घालत राहिले. आकारामनं मात्र आपली पिशवी उचलली.

"बगायचं हुतं त्ये बगून झालं," जाताना तो पिराजीला म्हणाला. "सुखात हाय, बास."

पिराजीच्या कानशिलांची आग झाली. आकारामच्या मागोमाग पलीकडची सगळी माणसं उठली, करार तसाच टेबलावर राहिला. आता गुळाच्या गाड्या वर्षभर नाक्यावर कुजणार होत्या. कुजू देत, पिराजीला त्याचं काही नव्हतं.

घरी येऊन त्यानं पाहुण्याला हाकलल्याचं सांगितलं, तशी चिमणाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"इतकं लागलं व्हय मनाला?" तो म्हणाला. "त्येच्याम्होरं तोंड का झाकत हुतीस, त्ये सांग."

चिमणाबाई डोळे पुसून म्हणाली, "सासूबाईंनी मरताना वाडीच्या दत्ताची आण घातली हुती, तुमास्नी कळू दिऊ नगं म्हून. पर सख्ख्या थोरल्या दिराम्होरं उगड्या तोंडानं कशी हुबी ऱ्हाऊ?"