पार्वताबाईचं अंथरूण

फाटकातच विमलताईंनी पदर नाकाला लावला.

अंगणातल्या तारेवर चादरींची रांग वाळत होती. फिनेलचा भपकारा होता, पण खालचा दुसरा वास त्यालाही पुरून उरला होता. अमरावतीहून येताना एसटीच्या खिडकीतून झोंबणारा गारठा परवडला, असं त्यांना झालं. मनातल्या मनात महाराजांचं नाव घेऊन त्यांनी आत पाय टाकला.

"ये वो विमल," आतल्या खोलीतून आवाज आला. "मले वाटलं, आता माह्या तेरवीलेच येशीन!"

"शुभ बोल जराशी, पार्वता. गुरुवार हाय."

अंजनगाव सुर्जीच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. लग्नानंतर एक अमरावतीला गेली, एक अकोल्याला, पण फोन कधी चुकला नाही. कोणाचे गुडघे, कोणाची सून, कुठं थंडी जास्त, सगळं रोज सांगून व्हायचं. दिवाळीत पार्वताबाई न्हाणीत घसरल्या आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून सारे विधी अंथरुणातच, आणि फोनवरचं बोलणंही दोन शब्दांवर आलं. विमलताईंचं येणं मात्र आज होत होतं.

खोलीत बसायला जागा शोधावी लागली. उशीवर तेलाचा काळपट थर होता. गादीच्या कडेला ओला डाग पसरला होता आणि त्याच्यावर माशी बसली होती, थंडीतसुद्धा. हीच ती पार्वता, जिच्या चुलीपाशी कधी राखेचा कण दिसायचा नाही!

सून दामिनी चहा घेऊन आली. तिचे हात फुटून लाल झाले होते, बोटांना फिनेलचा वास होता.

"घ्या मावशी."

"उपास हाय, पोरी. मार्गशीर्षातला गुरुवार."

"चहा चालते ना उपासाले?"

"मले नाही चालत."

व्रताच्या दिवशी धडधडीत खोटं. पण त्या हातचा घोट घशाखाली उतरलाच नसता. दामिनी कप घेऊन गेली.

"पाह्यलं थोबाड?" पार्वताबाई कुजबुजल्या. "तासभर पडून राहा लागते घाणीत, तवा येते महाराणी."

"मंग डायपर काहून नाही लावत?"

"खाज सुटते वो त्यानं. मीच लावू देत नाही."

"अन् उद्धव?"

पार्वताबाईंचा चेहरा उजळला. "तो सोनं हाय. पुण्याले नोकरी लागली होती, सामानाची गाडी सांगून झाली होती. मी पडली अन् त्यानं गाडी वापस केली. म्हणे, मायले अशी टाकून कसा जाऊ? दामिनी लय रडली, पण यानं ऐकलं नाही."

"पुण्यवान हाय तू," विमलताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला.

"काहून वो? तुह्या ईशानचं काय झालं?"

"संक्रांत झाली की चालले बंगलोरले. तो, जुईली, लेकरं. घर भाड्यानं देऊन राहिले. माहं नाव वृद्धाश्रमात टाकलं. मोबाइलवर फोटो दाखवते, म्हणे आई, बगीचा पाह्य, कसा मस्त हाय."

"अन् तुहे देव?"

"एक कोनाडा देतीन म्हणते. पण दिवा लावू देत नाही तिथं. आग लागीन म्हणे. विजेचा लाल दिवा हाय, बटन दाबा." विमलताईंनी डोळे पुसले. "सासूबाईंच्या मागं एक संध्याकाळ दिवा चुकला नाही माहा. बाळंतपणातही शेजारणीकडून लावून घेतला. आता बटन दाबू काय?"

पार्वताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून विमलताईंनी पिशवीतून आमसुलाच्या तेलाची वडी काढली. पायथ्याचं ब्लँकेट वर सारलं आणि त्यांना शिसारी आली. पार्वताबाईंच्या टाचांना बोटभर भेगा पडल्या होत्या आणि भेगांत काळी माती गच्च बसली होती. सुनेनं साधे पायसुद्धा धुतले नव्हते. देव आठवून, श्वास रोखून त्यांनी तेल चोळलं.

"मावशी, तुमी हायत ना?" दामिनीनं दारातून विचारलं. "दूध घेऊन येतो. यायले एकटं टाकून कुठी निंगताच येत नाही."

फाटक वाजलं.

"येऊ दे तिले वापस," विमलताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आयुष्यात कधी चढला नव्हता, आज चढला. "आज मी तिले सोडत नाही. माणसाले असं ठेवते काय कोणी? उद्धवलेही सांगतो, बायकोले जराशी लाज शिकव म्हणा. किळस येऊन राह्यली मले या घराची!"

पार्वताबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मग ब्लँकेट बाजूला फेकलं, दोन्ही पाय खाली टाकले आणि तरातरा खिडकीपाशी गेल्या. पडदा सारून रस्ता पाहिला. दाराची कडी लावली. परत येऊन मैत्रिणीच्या शेजारी बसल्या, अगदी खेटून.

"पयले दोन दिवस लय किळस येते आपलीच आपल्याले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग सवय होते. फक्त तू पोरगा घरात असतानाच पडजो."

विमलताई ताडकन उठल्या. त्यांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या, कडीला हात घातला. बाहेर थंडीत कोणाच्या तरी घरी सांजआरतीची घंटा वाजत होती. त्या तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या.

"अन् डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "डॉक्टरले कसं समजलं नाही वो?"