बटण दाबून

लॉजच्या गच्चीवर ती हौशी रेडिओची, म्हणजे हॅम रेडिओची, अँटेनाची तार बांधत होती. तार पुन्हा पुन्हा निसटत होती, पण ती हटेना. परीक्षा देऊन परवाना मिळवल्यानंतरचा हा पहिलाच प्रवास.

"खिशात फोन असताना ही नसती उठाठेव कशाला?" नवरा म्हणाला.

"फोनवर दोघंही एकदम बोलू शकतात. यात एकाने बटण दाबलं की दुसऱ्याला मध्येच..."

"अगं, मी काय म्हणतो..."

तिने दुसरा सेट त्याच्या हातात कोंबला. "खाली गाडीत जाऊन बसा. माझा आवाज येतो का बघा."

"मला कुठे परवाना आहे?"

"बोलायला लागतो. ऐकायला नाही."

तो पुटपुटत खाली गेला. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, तसं तिने बटण दाबलं.

"हं. तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सांगत होते की..."